मागल्या आसनाची मोहीम

॥ श्री ॥ चढणीच्या तोंडी उभी राहोन वर येणारास बळ देते आणि खाली जाणारास अडवीत नाही, ऐसी जी घाटावरील देवी, तिचे चरणी मस्तक ठेवोन, आणि जे घडले तेच लिहू, पदरचा मीठमसाला घालणार नाही ऐसी आण घेऊन, वर्तमान लिहिले जाते ते ऐसे जे: शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, चैत्र मास. ते समयी माथ्यावरील राज्यावर राजश्री हैबतराव आबा विराजमान होते. राज्य म्हणावे तर एक कौलारू घर, एक गोठा, चार म्हशी, आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांचे दूध सकाळी गोळा करोन पायथ्याच्या पेठेतील शीतकेंद्रास पोहोचते करणे, हाच कारभार. राणीसाहेब आनसाबाई गोठ्याचा बंदोबस्त पाहत. युवराज धैर्यशील गाडी हाकीत आणि कॅन उचलीत. सूनबाई वृषालीबाई पेठेतील सरकारी दवाखान्यात परिचारिका, नित्य खाली जाऊन सायंकाळी वर येत. आणि नात शिवन्या, वय पाच संपोन सहावे लागलेले, ती राज्याची वकील. वकील म्हणावयाचे कारण ऐसे की, सासरा आणि सून यांनी समोरासमोर बोलावे ही चाल या राज्यात नव्हती. वैर म्हणोन नव्हे, आदर म्हणोन. आबा ओसरीवर आले की सूनबाई उठोन आत जात, आणि आबांस चहा हवा असला की ते भिंतीकडे पाहोन म्हणत, "शिवू, आईला सांग, चहा टाक म्हणावं," आणि सूनबाई आतून म्हणत, "शिवू, आजोबांना सांग, टाकलाय." मधे हातभर अंतर असे आणि दोघांसही दोघांचे स्पष्ट ऐकू येई, तरी वकिलातीवाचून शब्द सरकत नसे. थोर कारण असले तर आनसाबाई मध्यस्थी करीत. ऐसे सात वर्षे उत्तम चालले होते.

आता या राज्याचा गनीम कोण, म्हणाल, तर कुलूप. पठारावर पूर्वी धूर निघणारी घरे बहुत होती. वरची शाळा पट कमी म्हणोन बंद जाहली आणि मग एकेक घर खाली उतरले. आधी पोरांच्या शिक्षणासाठी म्हणोन सून उतरली, मग तिच्यामागे मुलगा उतरला, मग म्हातारी आजारी पडोन उतरली, आणि म्हातारा तेवढा एकटा चार दिवस चूल फुंकोन शेवटी दारास कुलूप लावोन गेला. आबांचे दोघे सख्खे भाऊ याच वाटेने गेले. दूध गोळा करावयास निघाले की आबा त्या दारांकडे पाहत नसत, मान फिरवोन जात, आणि एके दिवशी आनसाबाईंपाशी बोलिले, "आपल्या दाराला कुलूप लागलं तर मी खालीबी राहायचा न्हाई आनि वरबी राहायचा न्हाई. मधीच कुठंतरी मरंन." आनसाबाई म्हणाल्या, "सकाळच्या पारी अभद्र बोलू नका." पण भय खरे होते आणि ते दोघांसही होते.

ऐसे असता चैत्रात दुधाची जुनी जीप चढणीवर कैलासवासी जाहली. ही चढण म्हणजे तांबड्या मातीची, एका अंगास दरड आणि एका अंगास घळ, उन्हाळ्यात धुरळा आणि पावसाळ्यात लोण्याचा गोळा. जीपने मधल्या वळणावर एक आचका दिला, धूर सोडिला, आणि मग कोणी कितीही किल्ली फिरविली तरी हूं की चूं केले नाही. त्या दिवशीचे दूध डोईवरोन खाली गेले, निम्मे नासले, आणि पुढेही गाडी येईतो पहाटेच निघोन तसेच नेऊ लागले. मग सूनबाईंनी आनसाबाईंजवळ शब्द टाकिला तो ऐसा: "आत्या, शिवूला यंदा पहिलीला घालायचंय. शाळा खाली, माझी नोकरी खाली. पावसात मोटारसायकलवरनं त्या उतारानं पोरीला नेणं मला जमायचं नाही. शाळा सुरू व्हायच्या आत धड गाडी आली, तर आपण सगळे वरच राहू. मला इथंच आवडतंय. नाहीतर आम्हाला पेठेत खोली बघावी लागेल." आनसाबाईंनी तो शब्द जसाच्या तसा आबांस पोहोचविला. आबा ऐकोन उठले, गोठ्यात गेले आणि म्हशीच्या पाठीवर हात ठेवोन बराच वेळ उभे राहिले. बाहेर आले ते मनसुबा करोनच आले. बोलिले, "गाडी घ्यायची. अशी घ्यायची की दूधबी सांडू नये आनि पोरगीबी हलू नये."

मग मसलत भरली. मसलतीस शेजारचे गजाबा बोलाविले. हे गजाबा एष्टीत कंडक्टर होते, आयुष्यभर ड्रायव्हरच्या पाठीमागे उभे राहिले, आणि तेवढ्या पुण्याईवर यंत्राचे सर्व ज्ञान आपणांस जाहले ऐसा त्यांचा दृढ समज होता. उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच, फक्त याचा उंट एष्टीचा. गजाबा बोलिले, "हैबती, नुसती पिकअप उपेगाची न्हाई. मागची दोन चाकं ढकलत्यात आनि पुढची दोन नुसती बघत बसत्यात. फोर बाय फोर पायजे. चारी चाकांनी जोर लावला पायजे." हे मात्र बरोबर होते, बंद घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर असते. मग ठरले की चारही चाकांस जोर, मागला हौदा कॅन मावेल ऐसा लांब, पोट जमिनीपासोन उंच, आणि चाकांवरील पाटे कडक असले तरी माणसाची हाडे खिळखिळी होऊ नयेत ऐसे. खासा स्वारी पेठेच्या शोरूमवर चालोन गेली. तेथील वकील, म्हणजे विक्रेता, टाय बांधलेला, गोरागोमटा, बोलण्यास गोड. त्याने एक गाडी दाखविली ती पांढरी, एका केबिनीची, फोर बाय फोर, हौदा ऐसा की कॅन मांडोन वर वैरणीच्या पेंढ्या घालाव्या. म्हणाला, "आबा, ही तयार उभी आहे. आज ठरवा, परवा दारात." गाडी चढणीवर आणविली, पाण्याने भरलेले कॅन हौद्यात मांडिले, आणि ती गाडी मधल्या वळणावर थांबवोन पुन्हा उचलिली तरी मागे तसूभर सरली नाही. धैर्यशील खाली उतरोन हर्षे बोलिला, "आबा, हीच. आता डोकं चालवू नका." सूनबाई दाराआडून पाहत होत्या, त्यांच्याही मुद्रेवर समाधान दिसले. ते आबांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिले आणि त्यांसही बहुत बरे वाटले. त्या क्षणी हो म्हणते तर हे वर्तमान लिहिण्याचे कारणच नव्हते.

पण आबा सहज म्हणोन गाडीत चढोन बसले, आणि बसले ते विचारात पडले. आत एकच बाक. हाकण्याच्या चाकापाशी धैर्यशील, आणि उरलेल्या जागेत दोघे. आता नित्य खाली कोण जाणार? धैर्यशील हाकणार. आबा स्वतः जाणार, कारण शीतकेंद्रात दुधाची फॅट मोजताना मालक समोर नसला तर म्हैससुद्धा पाणी देते हे त्यांचे पक्के मत. सूनबाई दवाखान्यात जाणार, पोर मांडीवर. म्हणजे त्या बाकावर मधे सूनबाई, एका अंगास नवरा, आणि दुसऱ्या अंगास, खांद्यास खांदा, वळणावर तर गुडघ्यास गुडघा, सासरा! आबांच्या कानशिलांस घाम फुटला. जी सून आपल्यासमोर खाटेवर बसली नाही, जिने सात वर्षांत डोईवरचा पदर ढळू दिला नाही, तिला रोज सकाळी सगळ्या पेठेदेखत आपल्या मांडीस मांडी लावोन न्यावयाचे? जुन्या जीपमध्ये मागे आडवे बाकडे होते, सूनबाई तेथे पाठमोऱ्या बसत, मर्यादा राहत होती. आबा खाली उतरले. वकिलास बोलिले, "पसंत न्हाई." वकील म्हणाला, "काय कमी आहे आबा?" आबा बोलिले, "न्हाई पसंत, एवढंच." धैर्यशीलाने विचारिले, गजाबांनी विचारिले, आबा तोंडातून अक्षर काढीनात. घरी येऊन फक्त आनसाबाईंस हळू बोलिले, "सुनंच्या शेजारी चिकटून बसू व्हय मी? तिला काय वाटंल? दोन केबिनींची बघू, पुढं आमी, मागं ती आनि पोर. राणीवानी बसंल." आनसाबाईंस हे पटले. आणि पटले म्हणोनच त्यांनी ते कोणास सांगितले नाही, कारण ऐसी गोष्ट सुनेस सांगणे म्हणजेही मर्यादा सोडणेच. सूनबाईंस एवढेच कळविले की गाडी पसंत पडली नाही. सूनबाई म्हणाल्या, "बरं." तो बरं कसा होता ते आनसाबाईंस कळले, पण त्यांनी ते आबांस पोहोचविले नाही. हाय हाय! या राज्यात चहाच्या निरोपास वकील होता, आणि ज्या एका निरोपावर घर तरावयाचे होते, त्यास कोणीच नव्हते.

मग दुसऱ्या केबिनीच्या शोधाची मोहीम सुरू जाहली. वैशाखात दोन केबिनींची एक गाडी पाहिली, मागले आसन मऊ, शिवन्या त्यावर उड्या मारू लागली. पण जोर दोनच चाकांस. धैर्यशील म्हणाला, "नको." गजाबा म्हणाले, "ड्रायव्हर पायजे हुशार, चाकांचं काय घिऊन बसलास? आमच्या एष्टीला कुठं चार चाकांचा जोर हुता?" आणि हे तेच गजाबा, ज्यांनी पंधरवड्यापूर्वी चार चाकांचा धोशा लाविला होता! आबा भुलले. मग चढणीवर पाऊस नाही तर पावसाचे सोंग तरी करावे म्हणोन कॅनच्या कॅन पाणी ओतोन मधले वळण चिखलाचे केले, आणि गजाबांच्या सांगण्यावरोन शोरूमच्या वकिलाने गाडी घातली. गाडी वळणापर्यंत दिमाखात आली, मग मागली चाके नाचू लागली, मग सबंध गाडी कमरेतून वळोन डौलाने घळीकडील चरात जाऊन बसली. वकील दार उघडोन उतरला तो गुडघाभर चिखलात, टायसुद्धा. गजाबा बोलिले, "क्लच चुकला." मग म्हशी जुंपोन गाडी ओढोन काढिली. पठारावर आठ दिवस हसणे पुरले, पण आबा हसले नाहीत. सूनबाई त्या दिवशी दवाखान्यातून चालत वर आल्या, चरात पडलेले चाकांचे व्रण पाहिले, आणि नवऱ्यास म्हणाल्या, "आबांना गाडी घ्यायचीच नाही. नुसता खेळ चाललाय." धैर्यशील म्हणाला, "तसं न्हाई गं." पण कसे आहे ते त्यासही ठाऊक नव्हते.

पुढे एक जुनी गाडी मिळत होती, दोन केबिनी आणि चारही चाकांस जोर, ऐसा दुर्मीळ योग. पण केबिन वाढली म्हणोन हौदा आखूड, आणि त्यात पल्याडच्या वस्तीचे कॅन मावेनात. धैर्यशील बोलिला, "पल्याडचं दूध दुसऱ्या खेपेला नेऊ." आबा बोलिले, "दुसऱ्या खेपेपर्यंत नासलं तर? ज्याचं दूध मागं ठेवायचं त्याच्या तोंडाकडं रोज कसं बघायचं रं?" हेही खरेच होते. आबांचे प्रत्येक बोलणे खरे असे, आणि खऱ्याखऱ्या बोलण्यांची बेरीज होऊन गाडी काही येत नव्हती. मग शेवटी लांब हौद्याची, दोन केबिनींची, चारही चाकांस जोर देणारी नवी गाडी शोरूममध्ये नोंदविली. वकील म्हणाला, "वेटिंग आहे आबा. पण ज्येष्ठात नक्की." आणि दरम्यान ती पहिली पांढरी, एका केबिनीची, पलीकडील पठारावरच्या एका मालकाने घेतली. एके दिवशी आबा पेठेत रस्त्याकडेस उभे असता ती समोरोन गेली. आत तो मालक, त्याची सून, सुनेच्या मांडीवर पोर, आणि चाकापाशी मुलगा, सर्व एका बाकावर दाटीवाटीने, आणि सून काहीतरी सांगत होती आणि सासरा हसत होता. आबांनी मान फिरविली. मनात म्हणाले, "ज्याची त्याची रीत." पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

ज्येष्ठ आला, शाळा उघडली, गाडी आली नाही. वकिलाने आषाढ सांगितला. पाऊस आपल्या वेळेस आला, त्यास वेटिंग नव्हते. मग धैर्यशील मोटारसायकल हाके, मधे शिवन्या, मागे सूनबाई, पाठीस दप्तर, ऐसे रोज उतरू लागले. आणि जे होऊ नये म्हणोन सर्व दरबार चैत्रापासोन झिजत होता, ते जाहले. मधल्या वळणावर चाक सरकले आणि तिघे चिखलात आडवे पडले. देवीने राखिले, हाडास धक्का लागला नाही, फक्त सूनबाईंचे मनगट मुरगळले. परंतु पोर घळीच्या काठापाशी जाऊन थांबली होती, आणि खाली काय आहे ते तिने पाहिले. त्या दिवसापासोन मोटारसायकलचा आवाज जाहला की शिवन्या दाराच्या चौकटीस मिठी मारी आणि सोडवू गेले तर किंचाळे. एके दिवशी आबांनी तिला खांद्यावर घेतले आणि सबंध उतार पायी उतरले. वाटेत ती त्यांचे केस मुठीत धरोन विचारी, "आजोबा, तुम्ही पडणार नाही ना?" आबा म्हणत, "न्हाई गं बाळा." शाळेच्या दारात उतरविली आणि तेथल्या पायरीवर टेकले. दुसऱ्या दिवशी त्यांस अंथरुणातून उठवेना.

मग आषाढ सरता सरता धैर्यशील ओसरीवर येऊन उभा राहिला. खाली मान घालोन बोलिला, "आबा, पेठेत खोली बघितलीया. सोमवारी जातुय आमी." आबा बोलिले, "आरं, गाडी येतीया की." धैर्यशील बोलिला, "आबा, गाडी चैतापासनं येतीया." पुढे तोच म्हणाला, "मी रोज येईन पहाटे दुधाला. तुमाला एकटं न्हाई टाकत." आबा बोलिले, "पाव्हण्यासारका येशील म्हन की." धैर्यशीलाचे डोळे भरले, तो गोठ्याकडे निघोन गेला.

तरी आबांनी हिंमत सोडिली नाही. दुसरे दिवशी भाकरी बांधोन घेतली, घोंगडे घेतले, आणि शोरूमच्या पायरीवर जाऊन बसले. वकील म्हणाला, "आबा, घरी जा, फोन करतो." आबा बोलिले, "फोनवर माझी सून थांबायची न्हाई." दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले, तिसऱ्याही दिवशी बसले. गिऱ्हाइके वळोन पाहू लागली. शेवटी कोणा मातबराने आपली नोंदविलेली गाडी सोडिली, ती वकिलाने आबांच्या पदरी घातली. रविवार होता. गाडी करड्या रंगाची, बुलंद, लांब हौद्याची, दोन केबिनींची. आबांनी तिला झेंडूचा हार घातला, शोरूमचा ड्रायव्हर चाकापाशी बसला, आबा पुढे, आणि गजाबा, जे जय होताच नेमके हजर होतात, ते मागे. पाऊस धो धो. चढणीच्या तोंडी ड्रायव्हराने खटका फिरवोन चारही चाकांस जोर दिला आणि ती गाडी त्या लोण्यातून ऐसी वर आली की जणू डांबरी सडकच. गजाबा ओरडले, "हैबती, जिंकलास रं!" आबांस हुंदका आवरेना. दारात गाडी उभी राहिली. ओसरीवर गाठोडी बांधलेली, डब्यांची उतरंड सुतळीने आवळलेली, सर्व मांडोन ठेविले होते. आबांनी तिकडे पाहिलेही नाही. खाली उतरले, मागले दार उघडिले, आणि त्या राज्याच्या इतिहासात जे कधी जाहले नव्हते ते केले. नात नाही, राणी नाही, थेट सुनेकडे तोंड करोन बोलिले, "सूनबाई, ही जागा तुमची. तुमी आनि शिवू. कुनाचा धक्का न्हाई, कुनाची अडचन न्हाई. ह्येच्यासाठीच थांबलो हुतो."

सूनबाईंनी त्या आसनाकडे पाहिले. मग म्हणाल्या, "म्हणजे? मामंजी, ती पांढरी गाडी... ती ह्याच्यासाठी नाकारलीत?" आबा बोलिले, "एकच बाक हुता. तुमी आनि मी एका बाकावर... बरं दिसलं असतं का?" सूनबाई मटकन पायरीवर बसल्या. आबांसमोर बसल्या, हेही प्रथमच. म्हणाल्या, "अहो, मी दवाखान्यात रोज परक्या माणसांना उठवते, बसवते, त्यांचं अंग पुसते. तुम्ही तर मला वडलांच्या जागी. तुमच्या शेजारी बसायला मला काय झालं असतं? मी कॅनवर बसले असते, हौद्यात उभी राहिले असते. एकदा विचारायचं होतं मला. एकदा!" आणि त्या रडू लागल्या. आबा बोलिले, "आता आली की गं गाडी. आता ऱ्हावा." सूनबाईंनी पदराने डोळे पुसले. म्हणाल्या, "चैत्रात आली असती तर पाय खाली काढला नसता, देवीशपथ. पण आता शिवू त्या वळणाला घाबरतीय. झोपेत ओरडून उठते. तिला मी रोज त्या घळीवरनं नेणार नाही, मामंजी. गाडी सोन्याची असली तरी नाही." आबांनी शिवन्येकडे पाहिले. ती चौकट धरोन उभी होती आणि नव्या गाडीच्या चाकांकडे पाहत होती. आबांनी मागले दार हलकेच लावोन घेतले.

सोमवारी गाडी भरली. घरात सामान नेण्याजोगे दुसरे वाहन नाही, म्हणोन याच गाडीने जावयाचे. हौद्यात कपाट, खाट, पिंपे, वर ताडपत्री. पाऊस थांबेना, तेव्हा गाद्या, पांघरुणे, टीव्ही आणि धान्याचे डबे भिजू नयेत म्हणोन कोठे ठेवावे? मागल्या आसनावर. आसन छतापर्यंत भरले. ज्या जागेसाठी राज्य चार महिने तिष्ठत राहिले, त्या जागी गाद्या जाऊन बसल्या, आणि बसल्या त्या अगदी आरामात. पुढे धैर्यशील चाकापाशी, शेजारी सूनबाई, मांडीवर शिवन्या, तिचे तोंड आईच्या पदरात खुपसलेले. आबांचा बेत होता की आपण जाऊन खोली लावोन द्यावी, चूल मांडोन यावे. ते छत्री घेऊन आले आणि दारे पाहू लागले. सूनबाई लगबगीने म्हणाल्या, "मामंजी, या, मी सरकते." सरकावयास जागा नव्हती. त्या पांढऱ्या गाडीच्या बाकावर तिघे बसत होते, या गाडीत पुढे दोनच खुर्च्या, मधे गिअर. सूनबाई उतरू लागल्या, तेव्हा आबांनी हात वर केला. "बस पोरी, बस. मी येतो मागनं कवातरी." आनसाबाईंनी सुनेच्या ओटीत दही-भाताचा डबा दिला आणि नातीच्या पायांवरोन हात फिरविला. गाडी निघाली.

आबा पावसात चढणीच्या माथ्यावर जाऊन उभे राहिले. गाडी भरली होती, जड होती, आणि उतार ऐसा निसरडा की बकरीही थबकावी. तेव्हा त्या माणसाच्या मनात जे आले ते लिहिण्यास लेखणी कचरते, पण आण घेतली आहे म्हणोन लिहितो. त्यांस वाटले, आता एकदा तरी सरकावी. फार नको. कोणास लागू नये. नुसती चरात जाऊन बसावी, आजचा दिवस तरी माणसे राहावी, ही सगळी पुन्हा चिखलातून चालत वर यावी, चूल पेटवावी, कपडे वाळत घालावे. मधले वळण आले. गाडीने वेग कमी केला. आबांनी श्वास रोखिला. चारही चाकांनी एकदम माती धरिली, गाडी वळली, आणि एक बोटभरही न घसरता सरळ खाली उतरोन गेली. निवड उत्तम जाहली होती. मागे येऊन आनसाबाई उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "चला, भिजताय." आबा बोलिले, "कशी धरून गेली बघितलंस? कशी गेली गं." आणि हातातील छत्री न उघडता तेथेच ओरडोन रडले. आनसाबाईंनी त्यांस रडू दिले.

तात्पर्य इतुकेच. दूध चालू आहे. धैर्यशील पहाटे येतो, इंजिन चालू ठेवोन कॅन चढवितो, उभ्या उभ्या चहा घेतो, आणि आबांस पुढल्या खुर्चीवर बसवोन खाली नेतो, दुपारी वर आणोन सोडितो. नात शाळेच्या कुंपणाआडून हात हलविते. सूनबाई आता सासऱ्यांशी सरळ बोलतात, दवाखान्याच्या दारात, दोन-चार शब्द, गोळ्या घेतल्या का, जेवलात का. पठारावर कोणी आबांस विचारिले की गाडी कशी काय आहे, तर ते म्हणतात, "गाडी चांगली हाय. कुठंच अडत न्हाई." ऐसे वर्तमान जाहले ते लिहिले. वाचणाराने आपल्या घरी जाऊन ज्यास जे विचारावयाचे असेल ते विचारोन घ्यावे. इति.